मंदाकिनी टॉकीजमधली चाळीस मिनिटं

राजमती आक्कांच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला, तेव्हा त्यांचा मुलगा जिनपाल मगदूम त्यांच्या समोरच जेवायला बसला होता. गिरणीचा एकचा भोंगा नुकताच झाला होता. आक्का भाकरी मोडायला गेल्या आणि त्यांचा डावा हात टेबलावरून घसरून मांडीवर पडला. त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द जाड, चिकट झाले होते. जिनपाल शुक्रवारी लागणाऱ्या नव्या सिनेमाबद्दल सांगत होता. तो आईकडे बघतच बोलत होता. मध्ये एकदा त्याने तिच्या ताटात आमटीही वाढली.

पद्मजा, त्याची बायको, टॉकीजमधून घरी आली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ती दारातच थबकली. मग पुढे होऊन तिने आक्कांना हसून दाखवायला सांगितलं. आक्का हसल्या, पण फक्त उजव्या बाजूने.

"गाडी काढा," पद्मजा म्हणाली.

जिनपालने मान वर केली. "कशाला?"

तो प्रश्न पद्मजा पुढे कित्येक महिने विसरली नाही. त्याच्या आवाजात बेफिकिरी नव्हती. त्याला खरोखरच काही दिसलेलं नव्हतं.

आक्का वेळेत पोचल्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लागू पडलं. जीव वाचला, डाव्या हातातली शक्ती मात्र बरीचशी गेली आणि बोलणं संथ झालं. डॉक्टरांनी झटका नेमका केव्हा आला ते विचारलं, तर जिनपाल म्हणाला की जेवताना आई ठीक होती. आक्कांच्या लुगड्यावर सांडलेली आमटी वाळून गेली होती, हे पद्मजाने पाहिलं होतं. चौथ्या दिवशी आक्कांनीच एकेक शब्द जुळवत सांगितलं, की भोंगा झाला तेव्हाच हात पडला. जिनूला दोनदा म्हटलं, बघ की रे. तो बघत होता.

इचलकरंजीतली मंदाकिनी टॉकीज जिनपालच्या वडिलांनी बांधली होती. चार वर्षांपूर्वी, २०३७ साली, ती विकायला काढायची वेळ आली होती. सुताची गोदामं शोधत फिरणारे दोघेजण येऊन जागेची मापंही घेऊन गेले होते. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने 'त्राटक' नावाचं यंत्र काढलं आणि छोट्या शहरांतल्या एक पडदा असलेल्या चित्रगृहांना ते बसवून द्यायला सुरुवात केली.

त्राटक आल्यावर सिनेमा डब्यात बंद होऊन येईनासा झाला. नट, संवाद आणि गोष्ट तेवढी ठरलेली असे. बाकी सगळं, म्हणजे वादळं, स्फोट, कोसळणारी शहरं, आकाशातून उतरणारी जहाजं, यंत्र त्या त्या खेळात, त्या त्या प्रेक्षकांसाठी तिथल्या तिथे तयार करी. पडद्याच्या खालच्या पट्टीत बारीक कॅमेऱ्यांची रांग होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ते प्रत्येक खुर्चीतल्या माणसाच्या बाहुल्या मोजत. माणसाला एखाद्या गोष्टीत रस वाटला की अंधारातसुद्धा त्याची बाहुली किंचित मोठी होते. रस ओसरला की ती आकसते. यात सोंग करता येत नाही. सगळ्या सभागृहाच्या बाहुल्यांची मिळून एक रेषा यंत्रासमोर सरकत असे, आणि ती रेषा खाली येऊ द्यायची नाही एवढंच त्याचं काम. रेषा जरा झुकली की पडद्यावर काहीतरी फुटे.

पद्मजा मूळची डोळे तपासणारी. बसस्टँडसमोर तिचं चष्म्याचं दुकान होतं. बाहुल्यांची ही भाषा तिला ठाऊक होती, म्हणून यंत्राची देखभाल तिने अंगावर घेतली आणि दुकान भावाकडे सोपवलं. पहिला खेळ तिला लख्ख आठवत होता. पडद्यावर धरण फुटलं, जेमतेम चार सेकंद, आणि पुढच्या रांगांतल्या बायकांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. पाणी आपल्या अंगावर येणार असं त्यांना वाटलं होतं. मग आपलंच हसू येऊन त्या एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. त्या दिवसापासून मंदाकिनी भरू लागली. मागावरचे कामगार पाळी संपवून थेट यायचे. नेहमी येणाऱ्यांनी वर्षाचे पास काढले आणि आपापल्या खुर्च्या ठरवून टाकल्या. जिनपाल यंत्राच्या खोलीत बसून रोजचे चारही खेळ बघायचा. काचेपलीकडे पाचशे डोकी एकदम मागे रेलताना पाहून त्याला वडिलांची आठवण यायची.

दुसऱ्या वर्षी धरणाने भागेना. यंत्राने अख्खं शहर बुडवलं. तिसऱ्या वर्षी आभाळ मधोमध फाटलं, चंद्राचे तुकडे झाले आणि ते समुद्रात पडले. शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या, पण पाय कुणीच उचलला नाही. नट-नट्यांचे प्रसंग आखडत गेले. आई आणि मुलगा दोन मिनिटं बोलतात असा प्रसंग लेखकाने लिहिलेला असे, मंदाकिनीत तो अकरा सेकंदांत आटपे आणि त्याही वेळात त्यांच्यामागे डोंगर पेटलेला असे. बाहेर पडणारी माणसं झकास होतं म्हणत जात. पद्मजाने एकदा दारात उभं राहून पाचसात जणांना विचारलं होतं, शेवटी नायकाचा भाऊ का मेला? एकाने उलट तिलाच विचारलं, भाऊ होता का?

तेव्हा ती हसली होती. आक्कांना घरी आणल्यावर मात्र ती यंत्राच्या खोलीत जाऊन बसली आणि जुन्या नोंदी उघडल्या.

प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला, कंपनीचं चिन्ह येण्याआधी, आठ सेकंद एक साधा चेहरा पडद्यावर येत असे. कधी रडू आवरणारी मुलगी, कधी बातमी ऐकून खुललेला म्हातारा. यंत्राला आपली मापं जुळवून घेता यावीत म्हणून ही सोय होती. प्रेक्षक त्या वेळी नुकतेच खुर्च्यांत टेकलेले असत. समोरच्या चेहऱ्यावर भाव उमटला की पाहणाऱ्याची बाहुली दीड-दोन सेकंदांत शेकडा सहा-सात भाग मोठी होते. आपण ठरवून करत नाही, ते होतं. दुसऱ्याला काय होतंय हे आपल्याला कळण्याची पहिली पायरी तिथे असते. कंपनीला त्या आकड्याचं पुढे काही काम नव्हतं. यंत्र मापं जुळवून मोकळं होई आणि आकडा नोंदीत पडून राही.

यंत्राच्या खोलीतल्या खुर्चीसमोरही जोडणी तपासण्यासाठी एक कॅमेरा होता. तिथे नेहमी एकच माणूस बसायचा. पद्मजाने त्याची चार वर्षांची रेषा काढली. पहिल्या महिन्यात चेहरा पाहिल्यावर त्याची बाहुली शेकडा सातने उघडत होती. दीड वर्षाने चारने. आक्कांना झटका आला त्या आठवड्यात एकनेही नाही. चेहऱ्यापुढे ती बाहुली भिंतीपुढे असावी तशी राहत होती.

मग तिने पासवाल्यांच्या खुर्च्या काढल्या. एकशे शेहेचाळीस खुर्च्या. जो आठवड्यातून तीनदा येतो त्याची रेषा जास्त उतरलेली, जो महिन्यातून एकदा येतो त्याची थोडी. कधीतरी एखाद्या दिवशी आलेल्या पाहुण्यांची बाहुली मात्र तेच चेहरे पाहून सहा-सातने उघडत होती.

तिने तो कागद जिनपालपुढे ठेवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला की तो दमलेला होता, दिवसाला चार खेळ म्हणजे चेष्टा नव्हे. पद्मजाने त्याला खुर्च्यांचे आकडे दाखवले. तो उठून खिडकीपाशी गेला. सगळ्या गावाला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुला, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं की वेड नव्हे. डोळ्यांना मोठ्याची सवय लागली, त्यामुळे लहान दिसेनासं झालं, आणि माणसाच्या तोंडावर जे होतं ते फार लहान असतं.

"माझी आई होती ती," जिनपाल म्हणाला. "मला दिसत असतं तर मी तसाच बसलो असतो काय?"

"नसता बसला. तेच सांगत्येय मी."

तो खोलीतून निघून गेला. पुढचे आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तो आक्कांना फिरवायला नेई, औषधं देई, आणि पद्मजा समोर आली की मान वळवी. त्याला राग आलाय की लाज वाटतेय हे तिला समजत नव्हतं. तिच्या तोंडावर काय आहे हे त्याला समजत नाही, हे मात्र तिला आता पक्कं कळलं होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आपण गेली दोनएक वर्षं या माणसाशी सगळं शब्दांत बोलून सांगतोय, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. तिने ते वयावर ढकललं होतं.

तिने सगळ्या नोंदी कंपनीला पाठवल्या. आठवड्याभरात डॉ. चिन्मय आठल्ये स्वतः इचलकरंजीला आले. यंत्राचं बाहुल्या मोजण्याचं गणित त्यांनीच बसवलं होतं. चाळिशीचा, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी दोन दिवस नोंदी चाळल्या आणि एकही आकडा खोटा ठरवला नाही. त्यांच्या शंका मात्र रास्त होत्या. त्याच त्या चेहऱ्यांना लोक कंटाळले असतील. पद्मजाने दाखवलं की चेहरे दर आठवड्याला बदलतात. मग ते म्हणाले की मुळातच ज्यांचं लक्ष माणसांकडे कमी, तेच लोक असे सिनेमे जास्त बघत असतील. पद्मजाने त्याच खुर्च्यांची पहिल्या वर्षाची मापं पुढे केली. ती चांगली होती. आठल्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमचं म्हणणं मला चूक वाटत नाही," ते म्हणाले. "पण हे सगळं बरोबरीने घडलेलं आहे. एकामुळे दुसरं घडलं, हे यातून सिद्ध होत नाही. यंत्र बंद केल्यावर ती रेषा परत चढली, तरच ते म्हणता येईल. आणि ती चढेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

पद्मजाने विचारलं की चढवून दाखवली तर ते तसं लिहून सही देतील का. नोकरीचा प्रश्न होता, हे त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, देईन.

कंपनीशी झालेला करार वाचल्यावर एक वाट निघाली. सोमवारी दुपारचा खेळ चित्रगृहाच्या मर्जीवर होता, आणि यंत्र नुसतं मोजायला लावून ठेवायची मुभा होती. आता दाखवायचं काय, हा प्रश्न होता. जुने सिनेमे लावून उपयोग नव्हता. त्यांतही पाठलाग, गाणी, मारामाऱ्या होत्याच. तिला एक चेहरा हवा होता, चाळीस मिनिटं, मागे काही नसलेला.

आक्का रोज सकाळी आरशासमोर बसून तोंडाचे व्यायाम करत. गाल फुगवायचे, ओठ मिटायचे, अ आ इ ई म्हणायचं. पद्मजा त्यांना धरून बसलेली असे. एके दिवशी तिने अडखळत त्यांना सगळं सांगितलं, आणि विचारायला जीभ रेटेना म्हणून तिथेच थांबली. आक्कांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"माझं घे," त्या म्हणाल्या. "अर्धं... हलतंय. लोकांना... नीट बघावं लागंल."

काय बोलायचं ते त्यांनीच ठरवलं. नवी सून म्हणून आल्यावर सासऱ्यांनी त्यांना बायकांच्या तिकिटाच्या खिडकीवर बसवलं होतं, तिथपासून सुरू करायचं. जमेल तेवढं बोलायचं, उरलेलं पुढच्या वेळी. पद्मजाने पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची ठेवली आणि खिडकीच्या उजेडात सहा भाग घेतले, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे.

जिनपाल हे सगळं बाजूच्या खोलीतून ऐकत होता. चौथा भाग घेऊन झाल्यावर तो आला आणि यंत्राच्या खोलीच्या किल्ल्या त्याने पद्मजाच्या हातात दिल्या. सहा आठवडे आपण आत पाऊल टाकणार नाही, म्हणाला. खिडकीवर तिकिटं फाडेन, झाडलोट करेन, पण सोमवारचा खेळ सोडून पडद्याकडे बघणार नाही. दर सोमवारी तू मला मोज. तुझं चुकलेलं निघालं तर हा विषय परत काढायचा नाही.

"आणि बरोबर निघालं तर?" पद्मजाने विचारलं.

तो आईच्या खुर्चीची घडी करू लागला.

पासवाल्यांना पद्मजाने पत्रं लिहिली. सहा सोमवार या, आणि तेवढे दिवस त्राटकचा एकही सिनेमा बघू नका, एवढंच त्यात होतं. कारण तिने आडपडद्याशिवाय दोन ओळींत लिहिलं होतं. पहिल्या सोमवारी त्र्याण्णव जण आले. बरेचसे कुतूहलापोटी, काही आक्कांच्या ओळखीमुळे. पद्मजा यंत्राच्या खोलीत मोजणीच्या पडद्यासमोर होती, शेजारी मोजणीसाठी पुन्हा आलेले आठल्ये. जिनपाल सभागृहात, शेवटच्या रांगेत बसला होता.

अंधार झाला. आक्का दिसल्या. मागे भिंत. त्या बोलू लागल्या, आणि प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता. तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या करकरू लागल्या. पाचव्या मिनिटाला पुढून कुणीतरी मोठ्याने विचारलं, डोंगर कधी पडणार आहे? हशा झाला. मोजणीच्या पडद्यावरची रेषा तळाशी सपाट पडली होती. आठव्या मिनिटाला पहिला माणूस उठला, त्याच्या पाठोपाठ पाच, मग सबंध एक रांग. आठल्यांनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून जिनपाल उठला. पद्मजाला काचेतून त्याची आकृती दिसली. हाही निघाला, असं तिला वाटलं. तो दारापाशी गेला, पण बाहेर न पडता तिथेच वळून उभा राहिला. निघालेली माणसं त्याच्यासमोर थांबली. त्याने हात करून वरच्या खोलीकडे खूण केली. पद्मजाने चित्र थांबवलं. आक्कांचा चेहरा पडद्यावर स्थिर राहिला.

"ही माझी आई," जिनपाल म्हणाला. "तिला झटका आला तेव्हा मी समोर जेवत होतो. तोंड वाकडं झालं, हात पडला, बघ म्हणून तिनं मला सांगितलं. वीस मिनिटं मी तिच्याकडं बघत होतो. मला दिसलं नाही. डॉक्टरला मी सांगितलं, ती ठीक होती. खोटं नव्हतो बोलत. मला ती ठीकच दिसत होती."

त्याने बाजूला होऊन दारातली वाट मोकळी केली.

"तुमच्यापैकी कुणी माझ्याएवढे खेळ बघितले नाहीत. पण पन्नास, शंभर बघितलेत. मीच दाखवलेत. दार उघडं आहे, जायचं त्यांनी जावा. मी काही म्हणणार नाही. राहणार त्यांनी एवढंच बघा, की तुम्हाला किती दिसतंय."

तो परत जागेवर जाऊन बसला. निघालेल्यांपैकी निम्मे गेले. त्यात जिनपालचे दोन जुने मित्र होते. बाकीचे जवळच्या खुर्चीवर टेकले. पद्मजाने चित्र पुढे सुरू केलं. पुढेही काहीजण उठत गेले, शेवटपर्यंत अठ्ठावन्न माणसं राहिली. रेषा चाळीस मिनिटं तळाशीच होती. एकदाही वर गेली नाही.

आठल्ये म्हणाले की पहिल्या दिवशी दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. पण संध्याकाळी पद्मजा घरी आली ती खचून. जिनपालने तिला पाणी दिलं. तो तिच्यासमोर बसला, आणि तू आता दमलीस की घाबरलीस, ते मला सांग, म्हणाला. मला बघून कळत नाही, म्हणून विचारतोय. इतक्या वर्षांत त्याने असा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. तिने सांगितलं, घाबरलेय. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. पाठ करून ठेवावं तसा.

दुसऱ्या सोमवारी एकावन्न आले. तिसऱ्या सोमवारी सत्तेचाळीस. रेषा सपाटच. सायरा नदाफ नावाची सायझिंगमध्ये, सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, काम करणारी बाई दर वेळी पहिल्या रांगेत असे. ती स्पष्ट बोलायची. तिने पद्मजाला सांगितलं की तिला काही फरक वाटत नाही, कंटाळाच येतो. मग ती दर सोमवारी कशाला येते, असं विचारल्यावर म्हणाली की त्या तिकिटाच्या खिडकीवर बायकांची जी मारामारी झाली, ती कुणी सोडवली ते आक्कांनी अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या सोमवारी, एकतिसाव्या मिनिटाला, आक्का आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगत होत्या. एका शब्दावर त्या अडल्या. शब्द येईना. त्यांचा उजवा गाल किंचित थरथरला, डावा तसाच राहिला. खोलीत आठल्ये पुढे वाकले. रेषा वर आली होती. फार नाही, शेकडा दीड. सत्तेचाळीस माणसांच्या बाहुल्या एका थरथरत्या गालापुढे एकदम उघडल्या होत्या. दोन सेकंदांनी ती खाली गेली, आणि आक्कांना शब्द सापडला तेव्हा परत चढली.

"यंत्राची चूक असेल," पद्मजा म्हणाली. स्वतःवर विश्वास ठेवायला ती घाबरत होती.

आठल्यांनी पुढची तीन मिनिटं तपासली. चूक नव्हती.

सहाव्या सोमवारी शेवटपर्यंत बसलेल्या चव्वेचाळीस जणांची रेषा शेकडा साडेतीनपर्यंत पोचली होती. पहिल्या वर्षाच्या निम्मी. या सहा आठवड्यांत ज्या पासवाल्यांनी नेहमीचे खेळ बघणं चालू ठेवलं, त्यांची मापं होती तिथेच राहिली. जिनपालची रेषा सगळ्यांत शेवटी हलली. पाचव्या आठवड्यात ती सपाटच होती आणि त्या रात्री तो जेवला नाही. सहाव्या आठवड्यात ती दोनवर आली. पद्मजाने तो आकडा त्याला दाखवला. त्याने कागद हातात घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. मग म्हणाला, पूर्वीएवढी होईल का? तिला माहीत नव्हतं, आणि तिने तसंच सांगितलं.

चिन्मय आठल्यांनी सही दिली. महिन्याभरात त्यांना दुसऱ्या विभागात हलवलं गेलं. कंपनीने खोडून काढलं नाही आणि मान्यही केलं नाही. एका चित्रगृहातली चव्वेचाळीस माणसं पुरेशी नाहीत, निरनिराळ्या गावांत निदान पाच ठिकाणी हेच दिसलं तर यंत्राला मर्यादा घालण्याचा विचार करू, असं लेखी उत्तर आलं. पद्मजाने ते दोनदा वाचलं. तिच्या मते ते उत्तर बरोबर होतं. तिने स्वतः याहून कमी मागितलं नसतं.

मंदाकिनीत जिनपालने त्राटकचे खेळ चारावरून दोनावर आणले आणि त्या दोन्ही खेळांत चेहऱ्यांचे प्रसंग पूर्ण लांबीचे ठेवायची अट यंत्रात घालून घेतली. गर्दी तुटली. बाल्कनी बंद करावी लागली. जे मित्र पहिल्या सोमवारी उठून गेले होते ते पुढे कधी फिरकले नाहीत, आणि बाजारात भेटले तर लांबूनच हात करत. सूत गोदामवाले पुन्हा एकदा येऊन गेले. जिनपालने त्यांना चहा पाजला आणि जागा विकायची नाही म्हणून सांगितलं.

पाच गावांची यादी पद्मजाने केली. पहिलं जयसिंगपूर. तिथल्या टॉकीजचे मालक सुकुमार चौगुले जिनपालच्या वडिलांना ओळखत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आक्कांच्या चित्रणातली दहा मिनिटं पाहिली आणि सोमवारची दुपार द्यायला कबूल झाले. पण एक अट घातली. माझी माणसं पाचव्या मिनिटाला उठतील, ते म्हणाले. कशासाठी बसायचं हे त्यांना कुणीतरी आधी समोर उभं राहून सांगायला हवं. आकडे सांगून ती बसणार नाहीत. मला ते जमायचं नाही, आणि बाई, तुम्हालाही जमेल असं वाटत नाही.

पद्मजा विचारात पडली. तिने मनात वाक्यं जुळवून पाहिली आणि ती सगळी कागदावरची वाटली. तिने काहीच बोलून दाखवलं नव्हतं. शेजारी बसलेल्या जिनपालने तिच्याकडे वळून पाहिलं.

"तू घाबरलीस," तो म्हणाला. मग चौगुल्यांकडे वळला. "मी उभा राहतो. पाचही गावांत."